फ्यूम हूड नसताना मेंदूचे काप रंगवावेत का?

खारघरच्या फिजिओथेरपीच्या मुलांसाठी मलिगन पद्धतीने (करडा भाग गडद करून पांढऱ्यापासून वेगळा दाखवणारी रीत) मेंदूचे काप रंगवायचेत, लॅबमध्ये फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून टाकणारं कपाट नाही, खिडक्या उघड्या ठेवल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. ठाण्यात 11 वर्षं डिसेक्शन हॉल सांभाळतोय, म्हणून इतकं ठाम सांगतो.

त्या द्रावणात लिटरमागे 40 ग्रॅम फिनॉल असतं, सोबत 5 ग्रॅम मोरचूद आणि किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ते 60 अंशांवर तापवावं लागतं. फिनॉल पांढऱ्या भागातल्या चरबीवर बसतं, म्हणून पुढचा रंग फक्त करड्या भागाला धरतो. त्यामुळे ते वगळताही येत नाही.

मी नवीन असताना हातमोज्याच्या वर, मनगटावर एक थेंब उडाला. दुखलं काहीच नाही, म्हणून हातातला काप आधी बर्फाच्या पाण्यात सोडला. मग बघतो तर तेवढी जागा पांढरीफटक. फिनॉल आधी कातडी बधिर करतं, मग जाळतं, आणि कातडीतून रक्तातही जातं. अशा वेळी नुसतं पुसू नका. भरपूर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं हात धरा आणि डॉक्टरकडे जा. पातळ नायट्राइल हातमोजे फिनॉलला फार वेळ अडवत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

माझं ऐकाल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाला रीतसर पत्र द्या. त्यांच्या हूडखाली 10-12 काप रंगवून घ्या आणि सीलबंद जारमध्येच वर्गात आणा. रंगवण्याआधी काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायला सांगा. कापांत मेंदू टिकवायला वापरलेलं फॉर्मलिन उरलेलं असतं, आणि फॉर्मलिन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा एकत्र आल्या तर कॅन्सर करणारं संयुग तयार होऊ शकतं. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. मोरचूद माशांना मारतं आणि आपली गटारं खाडीलाच मिळतात. तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, तिकडे पाठवा.

शक्य असेल तर रंगवताना स्वतः हजर राहा. शेवटच्या टप्प्यात टॅनिक आम्लातून काढलेला काप लोहाच्या क्षारात गेला की कडेची करड्या भागाची वळणदार पट्टी बघता बघता काळी होते, आणि आत क्लॉस्ट्रमची, म्हणजे करड्या भागाच्या एका पातळ पडद्याची रेघ सुईने ओढल्यासारखी उमटते.

तोवर मटणवाल्याकडून बकऱ्याचा भेजा अख्खा, न फोडता मागून घ्या. तासभर फ्रीझरमध्ये ठेवून लांब, ओल्या सुरीने कापा. ताज्या कापात करडा-पांढरा फरक रंगाशिवायही दिसतो. फक्त मुलांना हातमोजे द्या आणि नंतर टेबल साबणाने धुऊन घ्या.