देव्हाऱ्यातला रामाचा आणा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक जाडसर, तांबूस नाणं आहे. एका बाजूला राम-सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आणा' आणि १८१८ हे साल. फोटो पाहून एकानं फोनवर चार लाख देऊ केले, पण आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरा म्हणतो. हे नाणं कुठलं? विकावं का? देव्हाऱ्यातल्याच एका डबीत तांब्याचा एक झिजलेला, ओबडधोबड तुकडाही सापडला. तो टाकून देणार होते, पण त्याचाही फोटो जोडते आहे.
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलू. ते साडेतीन हजार भरू नका. खरं गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, वजन करतं, घासाघीस करतं. विकणाऱ्याकडूनच पैसे मागत नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपल्या नावानं कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. घरातल्या कुणी आधीच पैसे पाठवले असतील, तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

आता वस्तूकडे वळू. हे चलनातलं नाणं नाही.

माझे वडील नाशिकच्या भांडी बाजारात ओतारी होते, त्यामुळे ओतीव धातू मी लहानपणापासून ओळखते. तुमच्या फोटोतली अक्षरं पाहा, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखी त्यांची कड गोल आहे. ठशानं पाडलेल्या नाण्यावर अक्षराची कड नखाला लागते. झिजलं तरी उंच भाग आधी जातो, खोलगट जागी धार शिल्लक राहते. ओतकामात रस गोठताना हवा अडकते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात. ते रामाच्या सिंहासनाभोवती स्पष्ट दिसताहेत. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काठावर रेघ येते. ती कानशीनं घासल्याच्या खुणा तुमच्या तिसऱ्या फोटोत आहेत. अर्थात ठशावर पाडलेले असले तुकडेही बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून नुसत्या ओतकामावर निकाल देत नाही.

खरी गोम सालात आहे. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते वर्ष. पुण्याच्या बाजारात तेव्हा अंकुशी रुपया चालत होता. त्या सुमाराच्या कंपनीच्या मुंबईकडच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत 'अदल' म्हणजे न्याय असं लिहिलेलं असे. १८०४ सालचे असे पैसे तर बर्मिंगहॅमहून पाडून आणलेले होते आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचं सिंहांचं चिन्ह आहे. राम-सीता कुठेच नाहीत. कंपनीनं देवांच्या मूर्ती नाण्यांवर घेतल्या होत्या, पण त्या मद्रासकडच्या छोट्या सोन्याच्या होनांवर. त्यांवर व्यंकटेश आणि त्याच्या दोन पत्नी दिसतात, असलं इंग्रजी साल नसतं.

आणि तांब्याचा एक आणा? कंपनीची १८३५ नंतरची तांब्याची नाणी अर्ध्या आण्यापर्यंतच आहेत. एक आण्याचं नाणं ब्रिटिश हिंदुस्थानात आलं ते १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या काळात. तेही निकेलमिश्रित आणि नागमोडी काठाचं. म्हणून १८१८ चा तांब्याचा एक आणा पाहिला की पुढे तपासायची गरजच उरत नाही. १६१६ आणि १७१७ सालांचे तुकडेही याच जातीचे. १६१६ मध्ये तर मुंबई बेटसुद्धा कंपनीकडे नव्हतं, ते तिला १६६८ मध्ये मिळालं.

मग ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे रामटंका नावाची खरी जुनी परंपरा आहे. यात्रेला गेलेली माणसं पूजेसाठी रामदरबाराची चांदी-पितळेची टंका घरी आणत. एका बाजूला सिंहासनावरचे राम-सीता, दुसरीकडे धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण आणि भोवती नागरी अक्षरं. बऱ्याच टंकांवर १७४० हा आकडा असतो, पण तोही ती घडवल्याचं साल म्हणून धरायचा नाही. त्या टंकांना पैशाचं सोंग कधी घ्यावं लागलं नाही. कुणीतरी त्याच रामाच्या पाठीवर कंपनीचं नाव चढवलं आणि भोळ्या माणसांना फसवायला हत्यार मिळालं. याच तुकड्यांना 'राइस पुलर' म्हणून लाखोंना विकणाऱ्या टोळ्या आहेत. नाण्याकडे तांदूळ ओढले जातात असं दाखवायला तांदळात लोखंडाचा कीस मिसळतात आणि लोहचुंबक लपवतात. तांब्या-पितळेत ओढण्याची ताकद नसते. देवाच्या नावानं म्हाताऱ्या माणसांची पुंजी लुबाडली जाते, याचा मला फार संताप येतो.

सासूबाईंना मात्र यातलं काही खटकू देऊ नका. त्यांनी त्या रामाला इतकी वर्षं गंध-फूल वाहिलं आहे, मागच्या बाजूला काय लिहिलंय याच्याशी त्यांच्या पूजेचं देणंघेणं नाही. टंक देव्हाऱ्यातच राहू द्या.

राहिला तो तुकडा, जो तुम्ही टाकून देणार होतात. ताई, ती शिवराई आहे, शिवाजी महाराजांनी सुरू केलेला तांब्याचा पैसा! फोटो मोठा करून पाहिला तर एका बाजूला 'श्री राजा शिव' मधलं 'राजा' आणि 'शि' वाचता येतं, दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' मधलं 'पति'. मधल्या दोन आडव्या रेघांवरून ती दुदांडी दिसते, म्हणजे शिवाजी महाराजांनंतरच्या काळातली. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्यानं अक्षरं कापली गेली आहेत, आणि ती तशीच असायची. बाजारात हिचे लाख येणार नाहीत, कारण शिवराया अफाट संख्येनं पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही आठवड्याच्या बाजारात चालत राहिल्या. पण मीठ-मिरची घ्यायला खरोखर हातोहात फिरलेला पैसा हाच.

तिला चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. वरचा काळसर-हिरवट थर गेला की अक्षरंही जातात. साध्या पाण्यानं धुवा, कापडानं टिपून कोरडी करा, कागदी पाकिटात ठेवा आणि डबीत मिळाल्याचं त्यावर लिहून ठेवा. नाशिकला येणं झालं तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या नाण्यांपुढे तुमची शिवराई हातात घेऊन उभ्या राहा, आणि सासूबाईंनाही सोबत न्या.