लोकरीचे प्रश्न: निळ्यातून सायीच्या रंगाकडे जाताना

प्रश्न: ताई, मुलीचं बाळंतपण जानेवारीत आहे म्हणून ब्लँकेट विणायला घेतलंय. तुळशीबागेतून पाच शेड आणल्या, नेव्ही ब्लू, चिंतामणी, आकाशी, फिकट आकाशी आणि शेवटी साय. ८ नंबरच्या सुया, १३० टाके, एक ओळ सुलट एक उलट असं साधंच विणतीये. मला एका रंगातून दुसरा हळूहळू उगवल्यासारखा हवा होता पण होतीये पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी. दोनदा उसवून झालं. नेव्ही आणि चिंतामणीच्या मधे तर कोणी फूटपट्टी ठेवून रेघ मारल्यासारखं दिसतंय. आणि साय दुकानात छान पांढरट होती, आता आकाशीशेजारी धरली तर चक्क पिवळी दिसते. लोकर बदलून दिली का हो मला?
– एक होणारी आजी, कोथरूड

उत्तर: आजी, आधी मनापासून अभिनंदन! आणि आता तिसऱ्यांदा उसवण्याआधी एवढं करा, पाचही गुंडे खिडकीशी उजेडात एका रांगेत ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग निघून गेले की फक्त गडद-फिकट उरतं, आणि डोळ्याला रेघ दिसते ती बहुतेक वेळा रंगामुळे नाही तर या गडद-फिकटातल्या उडीमुळे. मला खात्री आहे की तुमच्या फोटोत नेव्ही जवळजवळ काळा दिसेल आणि चिंतामणी मधला करडा, म्हणजे बाकी सगळ्या शेड एकेक पायरी चढतायत आणि इथे मात्र एकदम तीन पायऱ्यांची उडी आहे. ही उडी कुठल्याही टाक्याने लपत नाही. आपण दुकानात गेलो की "सगळे निळेच आहेत की" म्हणून उचलतो, पण निळं असणं पुरत नाही, शेजारशेजारच्या दोन शेड ब्लॅक अँड व्हाइट फोटोत एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसल्या तरच त्या लोकरीत मिसळतील. म्हणून माझं स्पष्ट मत, नेव्ही बाजूला ठेवा आणि चिंतामणीपेक्षा एकच पायरी गडद असा निळा आणा. आणायला जाताना सध्याचे गुंडे पिशवीत न्या. तुळशीबागेच्या आतल्या दुकानांत दिवसासुद्धा दिवे लागलेले असतात आणि त्या दिव्यात निळ्याचा अंदाज हमखास चुकतो, तेव्हा दुकानदाराला सांगून गुंडा बाहेर लक्ष्मी रोडच्या उजेडात आणून बघा, कोणी नाही म्हणत नाही. नेव्ही वाया जाणार नाही, शेवटी चारी कडांचे टाके उचलून त्याची बॉर्डर करा, छान चौकट बसेल.

आता विणायचं कसं. जुना रंग बंद, नवा सुरू असं एका ओळीत करायचं नाही, दोघांना काही काळ एकत्र नांदू द्यायचं. जुन्या रंगाच्या ८ ओळी, नव्याच्या २, मग जुन्याच्या ६, नव्याच्या ४, जुन्याच्या ४, नव्याच्या ६, जुन्याच्या २, नव्याच्या ८. जुना आटत जातो, नवा वाढत जातो. एका बदलाला ४० ओळी लागतात, पाच शेड म्हणजे चार बदल, १६० ओळी झाल्या. ८ नंबरवर साध्या जाडीच्या लोकरीत १० सेंटीमीटरला साधारण २८ ओळी बसतात, म्हणजे ९० सेंटीमीटर लांबीला २५० ओळी धरा, उरल्या ९०, त्या पाच शेडना १८-१८ वाटून द्या, नुसत्या त्याच रंगाच्या. हात घट्ट किंवा सैल असेल त्याप्रमाणे थोडा फरक पडेलच. काही जणी १, १, २, ३, ५, ८ या आकड्यांनी विणतात, दिसतं सुंदर, पण विषम ओळी आल्या की नवा धागा नेमका पलीकडच्या टोकाला राहतो आणि दरवेळी तोडावा लागतो, म्हणून साध्या दोन सुयांवर सम आकडेच बरे. सम ओळींमुळे दोन्ही गुंडे एकाच कडेला राहतात, न तोडता वर नेता येतात, फक्त दर दुसऱ्या ओळीला कडेवर दोन्ही धाग्यांना एक पीळ द्या, नाहीतर बाजूला लांब फासे लोंबतील आणि तान्ह्या बाळाची बोटं त्यात अडकतात. याच कारणासाठी बाळाच्या ब्लँकेटला मागून धागे ओढत नेणारी दोनरंगी डिझाइन मी सुचवत नाहीये, मोठ्यांच्या स्वेटरला ती चालते.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात आवडते. नवा रंग ज्या ओळीत सुरू होतो ती एकच ओळ सुलट बाजूने एक टाका सुलट एक टाका उलट अशी विणा, पुढची नेहमीसारखी. सुलट टाक्यात नवा रंग सरळ रेषेत उभा राहतो, पण उलट टाक्याच्या बारक्या गाठीत जुना रंग खालून डोकावतो. माझ्याकडे २४ टाक्यांचा एक नमुन्याचा तुकडा आहे, अर्धा साधा विणलेला आणि अर्धा असा. साध्या अर्ध्यात रंग जिथे बदललाय तिथे धार आहे, दुसऱ्या अर्ध्यात तीच रेघ ठिपक्याठिपक्यांची झालीये, आकाशी, गडद, आकाशी, गडद, एखाद्या बारीक रांगोळीसारखी, आणि दोन हात लांबून बघितलं तर ती रेघ सापडतच नाही. क्लासला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात मी आधी हा तुकडा देते.

आणि साय पिवळी दिसते ते. लोकर बदललेली नाही हो, दुकानदाराचा काही दोष नाही. पॅरिसमध्ये गोबलें नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणणारा प्रसिद्ध सरकारी कारखाना आहे, तिथे १८२४ मध्ये शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडेही अशीच तक्रार आली होती, की काळी लोकर निळ्या-जांभळ्याशेजारी विणली की तिचा काळेपणा उतरलेला दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारचा रंग नजरेला फसवत होता. तुमचंही तेच झालंय, निळा आपल्या शेजाऱ्याला पिवळ्याकडे ढकलतो. सायीच्या आधी फिकट आकाशी नीट विणली जाऊ द्या, निळ्याचा जोर कमी होईल तशी साय परत पांढरट दिसायला लागेल. तरी खटकलीच तर अगदी शुभ्र न घेता किंचित निळसर झाक असलेला पांढरा घ्या.

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर असतो, लॉकडाउनमध्ये आईकडून विणायला शिकलो. आता तिच्यासाठीच मफलर करतोय, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत. दोन धागे एकत्र धरून विणले की रंग मिसळतात असं ऐकलं म्हणून एक जांभळा एक पिवळा धरला तर मधला भाग मातकट दिसतोय आणि जवळून मीठमिरी टाकल्यासारखा. शिवाय मफलर मधेच रुंद झालाय.
– एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर: आईने शिकवलेलं आईसाठीच विणतोयस, किती छान वाटलं वाचून. पद्धत तू बरोबर निवडलीस, रंगांची जोडी चुकली. जांभळा आणि पिवळा हे अगदी समोरासमोरचे रंग, ते एकत्र धरले की लांबून एकमेकांना मारतात आणि मातीचा रंग उरतो. जांभळ्यातून पिवळ्यात जायचं असेल तर वाटेत थांबे घ्यावे लागतात, जांभळा, मग वांगी किंवा आमसुली, मग डाळिंबी, मग नारिंगी, मग पिवळा. शेजारचेच दोन एकत्र धरायचे. म्हणजे आधी दोन्ही धागे जांभळे, मग एक जांभळा एक आमसुली, मग दोन्ही आमसुली, मग एक आमसुली एक डाळिंबी, असं एका वेळी एकच धागा बदलत पुढे. घरात आईची किंवा आजीची धूपछाव पैठणी असेल तर सुट्टीत गेल्यावर हातात घेऊन बघ, तिचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, घडी हलली की रंग हलतो. आपलं काम तेच, फक्त लोकरीत दोन्ही धागे शेजारी शेजारी असतात म्हणून रंग जितके जवळचे तितकी ती मीठमिरी कमी दिसते.

अजून मऊ बदल हवा असेल तर बारीक लोकर घेऊन तीन धागे धर. तीन जांभळे, दोन जांभळे एक आमसुली, एक जांभळा दोन आमसुली, तीन आमसुली, म्हणजे दोनच रंगांत चार पायऱ्या मिळाल्या. गुंडे तेवढे तीन तीन सांभाळावे लागतात, प्रत्येक गुंडा वेगळ्या डब्यात नाहीतर बादलीत ठेव म्हणजे गुंता होत नाही.

रुंद झाला कारण बाकीचा मफलर एका धाग्याचा आणि मधला दोन धाग्यांचा, जाडी बदलली की टाका मोठा होणारच. पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत धाग्यांची संख्या एकच ठेवायची, जिथे एकच रंग आहे तिथेही त्याच रंगाचे दोन धागे. आणि सुई जाड घे, एका धाग्याला १० नंबर वापरत असशील तर दोन धाग्यांना ८ किंवा ७ (आपल्याकडे नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हे ऑनलाइन बाहेरचे व्हिडिओ बघताना विसरू नकोस, ते मिलिमीटरमध्ये सांगतात, आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर). हा मफलर मात्र उसवून पहिल्यापासून कर, मधूनच सुधारायला गेलास तर रुंदीचा प्रश्न तसाच राहील.

प्रश्न: डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला अंगावर घ्यायला म्हणून मी त्रिकोणी शाल विणत होते, मानेपाशी थोड्या टाक्यांनी सुरू होऊन वाढत जाणारी. चार शेड, प्रत्येकी १०० ग्रॅम. चौघींना ४०-४० ओळी दिल्या तर पहिल्या रंगाची केवढी तरी लोकर उरली आणि शेवटचा रंग मधेच संपला! माझा हिशोब कुठे चुकला?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: ओळी सारख्या वाटल्यात तिथेच. त्रिकोणाची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब असते, त्यामुळे निम्म्या ओळी झाल्या तेव्हा शाल निम्मी नाही, फक्त पाव झालेली असते. चार रंगांना सारख्या ओळी द्यायच्या तर लोकर १, ३, ५, ७ या प्रमाणात लागते, म्हणजे शालीला एकूण ३२० ग्रॅम लागणार असेल तर पहिल्या रंगाला २०, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला १०० आणि शेवटच्याला १४०. बघा, तुमचा शेवटचा रंग १०० ग्रॅमला का संपला. तुमच्याकडे सगळे गुंडे सारखेच आहेत, तेव्हा १६० ओळींच्या शालीत रंग बदलायच्या जागा साधारण ८०, ११४ आणि १३८ या ओळींना येतील. पहिला रंग निम्म्या ओळींपर्यंत, ऐकायला विचित्र वाटतं पण अंगावर घेतली की चारही रंग सारखेच भरलेले दिसतात.

त्या जागांच्या आधी-नंतर ८-१० ओळी दोन्ही रंगांच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून घाला आणि त्या पट्ट्यात साबुदाणा वीण करा, एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत उलटाच्या जागी सुलट. त्या विणीत रंग इतका विखुरतो की जोड शोधावा लागतो. आणि अंदाज नको, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, प्रत्येक रंगाच्या सुरुवातीला गुंडा तोला आणि मधे मधे तोलत राहा. शेवटची किनार बंद करायला लोकर जास्त लागते, ओळीच्या लांबीच्या निदान चौपट धागा हातात राहू दे. एका शालीच्या वेळी मला तो कमी पडला आणि रात्री अकरा वाजता अख्खी किनार टाक्याटाक्याने सोडवावी लागली, तेव्हापासून मी हे प्रत्येकीला सांगते.

प्रश्न: पांढऱ्या स्वेटरला लोकर कमी पडली, तोच नंबर तीच शेड आणली तरी बाह्या वेगळ्या दिसतायत. आणि दोन गुंडे गाठ न मारता कसे जोडायचे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: शेड तीच असली तरी लॉट वेगळा असणार, लेबलवर शेड नंबरच्या खाली लॉट नंबर छापलेला असतो तो जुळवायचा. दर वेळी रंग शिजवला की किंचित फरक पडतोच, पांढऱ्यातसुद्धा, आणि गुंड्यात दिसत नाही तो अंगात दिसतो. आता बाह्या उसवा आणि जुन्या गुंड्याची जी काही लोकर उरलीये ती वाचवून खांद्याकडून खाली येताना दोन ओळी जुनी, दोन ओळी नवी असं विणा, पुरेल तिथपर्यंत, मग पुढे नुसती नवी. जुनी अजिबात उरली नसेल तर मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्ट्याही नव्या लॉटच्या करा म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

जोडायचं म्हणाल तर खरी मेंढीची लोकर असेल, मशीनमध्ये धुता येणारी नव्हे, तर दोन्ही टोकं उलगडून एकमेकांवर ठेवा, किंचित ओली करा आणि तळहातांत जोरात चोळा, ती एकमेकांत घट्ट बसतात. पण आपल्या बाजारात जास्त करून ॲक्रिलिक मिळतं आणि ते असं कितीही चोळलं तरी धरत नाही. त्याला दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून, जाड सुईने प्रत्येक टोक स्वतःच्याच धाग्याच्या पोटातून ७-८ सेंटीमीटर मागे ओवून घ्या, गाठ न दिसता जोड होतो. पुढचे चार टाके तिथे जरा जाड लागतील, धुतल्यावर बसतात. फक्त ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, लोकर चपटी होते आणि मग काही केल्या परत फुलत नाही.