ब्लेड ९८ की पर्सेप्ट ९७: आधी पुण्याच्या हवेचा हिशोब

कोणती टेनिस रॅकेट घ्यावी हा तुमचा प्रश्न वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण तुमच्या एका वाक्यापाशी अडलो. "मुंबईत हेच फोरहँड आत पडायचे, पुण्यात बदली झाल्यापासून वीतभर बाहेर जातात." बाकी तुम्ही सांगितलंय ते असं: वय ४१, एका हाताचा बॅकहँड, आठवड्यातून चार दिवस डबल्स आणि रविवारी सिंगल्स. हातात १०० चौरस इंचांच्या डोक्याची, ३०० ग्रॅमची, जाड फ्रेमची पॉवर रॅकेट, तिच्यात ५० पाउंड ताणावर पॉलीचं (पॉलिएस्टरच्या कडक तारेचं) गटिंग आणि तेही चार महिन्यांपूर्वीचं. आता कंट्रोल हवाय, म्हणून विल्सन ब्लेड ९८ (१६×१९, म्हणजे १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा; नववी आवृत्ती) घ्यावी की योनेक्स पर्सेप्ट ९७, असं विचारलंत. माझ्याकडे दोन्ही आहेत. ब्लेडच्या आठव्या आणि नवव्या आवृत्तीने मिळून तीन वर्षं खेळलो, पर्सेप्टने गेलं दीड वर्ष. गटिंगचं मशीन घरीच असल्यामुळे दोन्हींत एकच तार, एकाच ताणावर घालून पाहिली आहे.

रॅकेटच्या आधी हवेबद्दल बोलतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चेंडूचा वेग मारते ती हवा आणि टॉपस्पिनने चेंडू खाली वळतो तोही हवेच्याच जोरावर. ही दोन्ही कामं थोडी थोडी कमी झाली की रेषेच्या आत फूटभर पडणारा फोरहँड रेषेला चाटून जातो, नाहीतर बाहेर. माद्रिदची स्पर्धा साधारण ६५० मीटरवर खेळली जाते आणि क्ले, म्हणजे मातीचं संथ कोर्ट, असूनही तिथे चेंडू किती सुटतो हे खेळाडू नेहमी बोलून दाखवतात. आपलं पुणं त्याच्यापेक्षा फार खाली नाही. तेव्हा तुमचा हात बिघडलेला नाही, हे आधी मनात पक्कं करा.

दुसरं, चार महिन्यांपूर्वीचं गटिंग. पॉलीची तार मशीनवरून उतरल्या क्षणापासून सैल व्हायला लागते, आणि चार दिवसांच्या खेळात चार महिन्यांनी तिच्यात काही जीव उरत नाही. तुमचे ५० पाउंड आता ५० नाहीत. मेलेल्या पॉलीतून एक चेंडू आखूड पडतो, पुढचा त्याच फटक्याने कुंपणाला लागतो. म्हणून वीस हजारांच्या घरातली खरेदी करण्याआधी जुन्याच रॅकेटमध्ये नवीन तार ५२ पाउंडांवर घाला आणि दोन आठवडे खेळा. कोपर कुरकुरत असेल तर मात्र ताण वाढवू नका. त्यानेच भागलं तर पैसे वाचले. पण तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, निम्मंच भागेल. त्या जाड फ्रेममध्ये मूळचीच उसळी आहे, ती दोन पाउंडांनी जात नाही.

आता या दोन रॅकेटी. ब्लेड ३०५ ग्रॅम, बॅलन्स (रॅकेट जिथे तोलली जाते ती जागा, बुडापासून मोजलेली) ३२० मिलिमीटरवर. पर्सेप्ट ३१० ग्रॅम, बॅलन्स ३१० वर. हे आकडे गटिंगशिवायचे. दोन्हींची फ्रेम २१ मिलिमीटर, बुडापासून शेंड्यापर्यंत सारखी. दोन्ही १६×१९, दोन्ही लवचिक, दोन्ही हिरव्या (ब्लेड चकचकीत पाचूसारखी, पर्सेप्ट मळकट ऑलिव्ह). ९७ आणि ९८ मधला एक चौरस इंच विसरून जा, तो कोणाला कळत नाही. त्यापेक्षा योनेक्सचं डोकं वरच्या बाजूला जरा चौकोनी असतं, त्याने सर्व्हिसला शेंड्याजवळ लागलेला चेंडू थोडा वाचतो.

खरा फरक बॅलन्सच्या त्या दहा मिलिमीटरमध्ये आहे. घरी करून बघा. फुटपट्टी टेबलाच्या कडेला उभी धरा आणि तिच्या धारेवर रॅकेट आडवी तोला. ब्लेड जिथे स्थिर होते तिथून पर्सेप्ट सेंटिमीटरभर हँडलकडे सरकलेली दिसते. एवढंच. पण हातात धरून दोनदा फिरवलं की पाच ग्रॅम जड असलेली पर्सेप्टच हलकी वाटते, कारण तिचं वजन मुठीजवळ आहे. माझ्या मार्करला (क्लबात सरावासाठी समोर खेळणारा) डोळे मिटायला लावून मी दोन्ही रॅकेटी दिल्या तेव्हा त्यानेही जड कोणती ते उलटंच सांगितलं.

कंट्रोल हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि या दोन रॅकेटींची वाट तिथेच वेगळी होते. ब्लेडचा कंट्रोल नेमाचा आहे. डोक्यात वजन असल्यामुळे चेंडू लागताना ती डगमगत नाही, समोरून जोरात आलेला चेंडू असला तरी तिचा रोख बदलत नाही. पूर्ण स्विंग घेऊन क्रॉसकोर्ट मारत राहा, एकाच कोपऱ्यात टप्पे पडतात. पर्सेप्टचा कंट्रोल हाताचा आहे. शेवटच्या क्षणी मन बदललं, चेंडू वेडावाकडा उसळला, पाय पोचले नाहीत, तरी डोकं हवं तिथे आणता येतं. स्लाइस, ड्रॉप, पायाशी आलेली हाफ व्हॉली यांत ती तुमचं ऐकते.

मी ब्लेडवरून पर्सेप्टवर आलो ते एका मॅचमुळे नाही, पण एक मॅच लक्षात आहे. डबल्स, तिसरा सेट, ४-५, मी नेटवर. माझ्या पार्टनरची सेकंड सर्व्हिस आखूड पडली आणि समोरच्याने सरळ माझ्या उजव्या नितंबावर ड्राइव्ह मारला. त्या जागेचा चेंडू सगळ्यात वाईट, कारण कोपर अंगातच अडकतं. पहिल्या सेटमध्ये असाच चेंडू ब्लेडने सहज ब्लॉक झाला होता. आता डोळ्यांना चेंडू दिसला, मनगटाला हुकूम गेला, आणि ब्लेडचं डोकं दोन इंच मागे राहिलं. चेंडू फ्रेमला लागून बाजूच्या कोर्टावर गेला. रॅकेट तीच, हात तोच, फक्त दीड तास जास्त खेळलेला. घरी येऊन त्या रात्री मी वजनं मोजायला बसलो.

म्हणून माझं ठाम मत आहे की रॅकेटची निवड तिसऱ्या सेटमधल्या हाताने करायची. पहिल्या अर्ध्या तासात मला आजही ब्लेड जास्त आवडते. तिच्यावर चेंडू लागतो तेव्हा होणारा तो जाडसर, मऊ आवाज पर्सेप्टला नाही. सर्व्हिसला ब्लेडने चार पैसे जास्त वेग मिळतो, आणि दोन हातांचा बॅकहँड असलेल्या, बेसलाइनवरून मोठा स्विंग घेणाऱ्या तिशीतल्या खेळाडूने विचारलं असतं तर दुसरा विचार न करता ब्लेड सांगितली असती.

पण तुम्ही चार दिवस डबल्स खेळता आणि बॅकहँड एका हाताचा आहे. एका हाताला रॅकेट वेळेवर मागे नेणं आणि वेळेवर पुढे आणणं हेच निम्मं काम. रिटर्नला तर वेळ मिळतच नाही. तिथे पर्सेप्ट सरळ सरळ उपयोगी पडते. एक ठिकाण असं आहे जिथे ती कमी पडेल, तेही सांगून ठेवतो: क्लेवर खांद्याच्या वर उसळलेला बॅकहँड. तिथे डोक्यातलं वजन हवंसं वाटतं आणि पर्सेप्टने मारलेला तो चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या आसपास पडून राहतो. मी असे चेंडू आता स्लाइस करतो किंवा एक पाऊल पुढे जाऊन चढतानाच घेतो.

थोडा स्थिरपणा वाढवायचा असेल तर लेड टेप (वजन वाढवणारी शिशाची चिकटपट्टी) आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात तीन आणि नऊ असतात तिथे, प्रत्येकी दोन ग्रॅम लावलं की स्विंगवेट (फिरवताना रॅकेट किती जड वाटते त्याचं माप) साधारण सात अंकांनी वाढतं. हेच वजन शेंड्याला लावलं तर जवळपास दुप्पट वाढतं, त्यामुळे तिथे जपून. मी तीन-नऊला एकेक ग्रॅम लावला आहे, त्याने ब्लॉक करताना रॅकेट मुठीत वळणं बरंच कमी झालं. ब्लेडमध्ये मात्र उलटं करता येत नाही. वजन चिकटवता येतं, काढता येत नाही.

सबालेंका ब्लेडने खेळते, हुरकाच पर्सेप्टने खेळला, अशी व्यावसायिक खेळाडूंची नावं तुम्ही लिहिलीत. त्याला या निर्णयात जागा देऊ नका. त्या पातळीवर रॅकेटमध्ये वजन, बॅलन्स सगळं त्या हातासाठी बदललेलं असतं आणि ते हात दिवसाचे चार तास खेळतात. ब्लेडची १८×२० ही सध्या नको. तिच्यातून चेंडू खालून निघतो, चुका लांब न जाता नेटमध्ये जायला लागतील.

तारेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यात मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका कडक रॅकेटमध्ये ५६ पाउंडांवर पॉली घालून महिनोन्महिने खेळलो. कंट्रोल झकास होता. मग एक दिवस सिग्नल सुटला आणि स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. साडेतीन महिने रॅकेट कपाटात. तेव्हा या दोन्ही रॅकेटी मऊ आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पर्सेप्टमध्ये उभ्या तारा १.२५ मिलिमीटरची पॉली ४८ पाउंडांवर आणि आडव्या मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) ५० वर, असं हायब्रिड घाला. पुण्याच्या हवेला ते पुरतं. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सकाळी, दोन्ही ताण एकेक पाउंड वाढवा. आमच्या क्लेवर मातीचे कण तारांच्या मध्ये बसतात आणि मल्टिफिलामेंट कातत जातात, म्हणून खेळून झाल्यावर तारांवर कोरडा ब्रश मारायची सवय ठेवा. तार तुटेपर्यंत थांबू नका. वीसेक तास खेळून झाले की बदला. खरं तर माझ्या क्लबात कंट्रोल नाही म्हणून रॅकेट विकायला काढणाऱ्या निम्म्या लोकांना मी आधी गटिंग बदलायला लावतो, आणि त्यातले बरेच जण जाहिरात मागे घेतात.

दुकानात जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरोबर न्या. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींत चार-पाच ग्रॅमचा फरक असू शकतो, योनेक्समध्ये तो सहसा कमी असतो. या दोन रॅकेटींच्या छापील वजनातला फरकही तेवढाच आहे. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. छापील वजनाच्या सगळ्यात जवळची निवडा आणि तिचा अनुक्रमांक टिपून ठेवा, पुढे दुसरी घ्यायची झाली तर जुळवायला सोपं जातं. ग्रिप एक नंबर लहान घेतलीत तरी चालेल. पावसाळ्यात दोन ओव्हरग्रिप चढवाव्या लागतात तेव्हा ती जाडी भरून निघते.

आणि डेमो रॅकेट मिळाली तर ती वॉर्मअपला काढू नका. तुमचे नेहमीचे दोन सेट जुन्या रॅकेटने खेळा, घाम येऊ द्या, पाय जड होऊ द्या. मग पिशवीतून पर्सेप्ट काढून तिसरा सेट खेळा. दुसऱ्या रविवारी ब्लेड काढून हेच करा. दोन्हींत तार आणि ताण सारखा आहे ना, एवढं दुकानातून विचारून घ्या. नसेल तर रॅकेटी माझ्याकडे आणा, अर्ध्या-पाऊण तासात एकेक गटिंग करून देतो.