मटण सोडलंस, आता पनीरही आवर

पर्यावरणासाठी मटण सोडलंस, छान केलंस. पण त्याच्या जागी रोज पनीर नको. किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध लागतं, आणि रवंथ करणारी गाय-म्हैसही शेळीसारखीच मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, सोडते. (आपले जुने शाकाहारी हे सहसा सांगत नाहीत!)

त्यापेक्षा कडधान्यं धर. मटकी, हुलगा, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, म्हणून युरिया कमी लागतो. मटकी रात्रभर भिजव, उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध. नाशिकच्या थंडीत मोड यायला वेळ लागतो, सारखं सोडून बघू नकोस. मिसळ तर आहेच, तर्री तेवढी बेतानं.

भाताऐवजी अधूनमधून पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) घे. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यातूनही मिथेन निघतो. आणि घरच्यांच्या ताटात डोकावू नकोस.