रातांब्याचं (कोकमाचं) झाड दरवर्षी फुलतं, पण फळ का धरत नाही?

बहुतेक झाड नर असणार. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. फुलोरा येईपर्यंत ते कळत नाही, आणि त्याला ७-८ वर्षं सहज जातात. फूल उघडून बघा: नर फुलात मधे नुसते पुंकेसर, मादी फुलात इवलासा गोल बीजकोश.

झाड तोडू मात्र नका, आसपासच्या मादी झाडांना पराग मिळतो. शेजारी मादी झाडाचं कलम लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली, बरीचशी फळं पावसाआधी हाती येतात. कलम सरळ वर वाढणाऱ्या फांदीचंच मागा. आडव्या फांदीचं असेल तर झाड उंच न होता नुसतं पसरत बसतं. रोपवाटिकेत हे कोणी आपणहून सांगत नाही!