पान दाखव

दोस्ता,

तुझं पत्र आधी वाचलं आणि पुस्तकांवरची टिपणं नंतर, हे बरं झालं. उलट झालं असतं तर चौथ्या-पाचव्या टिपणालाच मी चष्मा काढून ठेवला असता.

राग मानू नकोस. प्रेमकथा, कुटुंबकथा, किशोरवयीनांच्या कादंबऱ्या, केवढं वाचलं आहेस तू! आणि सगळ्यांसाठी तुझ्याकडे ठेवणीतले चारच शेरे. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'खाली ठेवताच येत नाही' आणि 'शेवटी डोळे पाणावले'. पुस्तकांची नावं झाकली तर कुठलं टिपण कशाचं, हे तुला तरी ओळखता येईल का?

पत्रात मात्र, जाता जाता, तू एक वाक्य लिहिलं आहेस. अ‍ॅन पॅचेटच्या 'टॉम लेक'बद्दल. २०२३ची ती कादंबरी, चेरीची तोडणी चालू असताना आई आपल्या तीन मोठ्या मुलींना तरुणपणी एका नटावर जडलेल्या प्रेमाची गोष्ट सांगते ती. तू म्हणतोस, 'आई मुलींना सांगते ते आणि आपल्याला सांगते ते एकच नाही, हे उशिरा लक्षात आलं, म्हणून मागची दोन प्रकरणं पुन्हा वाचली.' अरे, मग हे टिपणात का नाही? टिपणात काय, तर 'आई-मुलींच्या नात्याची हृदयस्पर्शी कहाणी'. असलं वाक्य कुठल्याही मलपृष्ठावर मिळतं. त्यासाठी तुझी गरज काय?

पान दाखव. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. पुढे जे लिहिणार आहे तेही फिरून तिथेच येणार आहे, तेव्हा कंटाळा येणार असेल तर इथेच थांबलास तरी चालेल.

आता तुझा प्रश्न. मित्र हसतात, 'गुलाबी पुस्तकं' म्हणतात, आणि तू विचारतोस की ताई, हे सोडून जरा भारदस्त यादी हातात घेऊ का. 'हवं ते वाच, लोकांकडे लक्ष देऊ नकोस' असं मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे आणि त्याने तुझा गोंधळ मिटलेला नाही. तुला टोचतंय ते वेगळंच आहे. मित्रांनी विचारलं, 'त्यात एवढं आहे तरी काय?' आणि तुला उत्तर देता आलं नाही. तू म्हणालास, 'काही नाही रे, सहज, टाइमपास.'

हे उत्तर दोनशे वर्षांहून जुनं आहे बरं का. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'मध्ये निवेदिका मध्येच गोष्ट थांबवते आणि कादंबरी वाचणाऱ्या एका मुलीचं चित्र काढते. काय वाचतेस म्हणून कुणी विचारलं की ही पुस्तक बाजूला सारते आणि ओशाळून सांगते, काही नाही, साधी कादंबरी आहे. ऑस्टिन त्यावर जी उसळते ती वाचण्यासारखी आहे. ज्या पुस्तकात हे लिहिलं त्याची गत बघ. १८०३ साली एका प्रकाशकाने ते दहा पौंडांना विकत घेतलं आणि न छापता ठेवून दिलं. बाहेर आलं ते १८१७च्या अखेरीला, तोवर ऑस्टिन जगात नव्हती.

पण मला तुझ्या हातात द्यायची आहे ती दुसरी बाई. जॉर्ज एलियट, पुरुषाच्या नावाने लिहिणारी इंग्रज कादंबरीकार. १८५६ साली 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'त तिने बायकांनी लिहिलेल्या उथळ कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला, निनावी. काय झोडपलंय! तुझे मित्र तिच्यापुढे अगदीच बापुडे. तरी तो लेख मला जवळचा वाटतो, कारण ती बाई उतारेच्या उतारे समोर ठेवते. ही नायिका बघा कशी बोलते, हे वाक्य बघा किती फुगवलंय, आणि मग हसते. म्हणजे तिने ती पुस्तकं वाचली होती. 'गुलाबी' म्हणून नाक मुरडणाऱ्यातल्या किती जणांनी वाचलेली असतात? पुढच्या वेळी कुणी हसलं की शांतपणे विचार, 'कुठलं पुस्तक? कुठलं पान?' बहुतेक वेळा तिथेच विषय संपेल. मात्र हा प्रश्न उलटून तुझ्याकडेही येणार, हे विसरू नकोस. म्हणून म्हणते, पान दाखव.

'शेवट आधीच कळतो' हा दुसरा आक्षेप. कळतोच. अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येतच दोन अटी आहेत. प्रेमकथा गाभ्याशी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. गाणारा समेवर येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं, तरी तो मान डोलावतो. तो कसा आला, कुठून वळला, किती लांबवलं, यासाठी. तेव्हा 'शेवट गोड आहे' हे टिपणात लिहू नकोस, ते गृहीतच आहे. कसा आला ते सांग.

हल्लीच्या प्रेमकथांत पाऊण पुस्तक झालं की दोघांचं फाटतं, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. आता एक फाटणं असं असतं की एक फोन केला असता तर मिटलं असतं, पण लेखिकेला अजून पन्नास पानं भरायची असतात. आणि दुसऱ्या प्रकारात पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात एखादं वाक्य पडलेलं असतं, कुणीतरी कुणालातरी सोडून गेल्याचं, ओझरतं, आणि त्याचीच फट शेवटी रुंदावते. वाचताना दोन्हींत रडू येतं, मलासुद्धा. म्हणून तर रडू आलं हा पुरावा धरता येत नाही. मागे जा, ते वाक्य शोध, पान दाखव. सापडलं नाही तर तेही लिही.

तुझ्या यादीत एमिली हेन्रीची 'बीच रीड' आहे, २०२०ची. तुझा शेरा: 'खूप गोड'. अरे देवा. तिची नायिका प्रेमकथा लिहिते, नायक गंभीर साहित्य लिहितो, आणि दोघं पैज मारून एकमेकांचा प्रकार लिहायला घेतात. तुला छळणारा प्रश्न त्या पुस्तकाच्या पोटातच बसलाय! शेजारीशेजारी घरं, आणि दोघं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीतून एकमेकांना दाखवतात. पल्लेदार संवाद लिहिण्यात पटाईत असलेली दोन माणसं खिडकीत मावतील तेवढ्याच शब्दांवर आली की काय होतं? थट्टा करता करता जवळीक कशी शिरते? हे तू वाचलंस, हसलास, मला खात्री आहे. आणि लिहिलंस काय, तर 'खूप गोड'.

मी एवढी का तडकते ते सांगते. एका नियतकालिकाचं पुस्तकांचं सदर मी बरीच वर्षं सांभाळत होते. संपादकांचा दंडक असा की जड पुस्तकाला पूर्ण परीक्षण, आणि प्रेमकथा किंवा घरगुती कादंबरी असली की खालच्या चौकटीत चार ओळी. मी म्हटलं, चौकटीत कुणाला घालायचं ते पान बघून ठरवू. तुम्ही तुमच्या जड पुस्तकातलं एक पान आणा, मी माझ्या घरगुतीतलं आणते, शेजारी ठेवू. त्यांनी पान आणलं नाही. मी सदर सोडलं. लोक आजही म्हणतात, बाई हट्टी, एवढ्याशा गोष्टीवर पाणी सोडलं. एवढीशी? वाचणाऱ्यांतला मोठा भाग ज्यावर जीव टाकतो त्याला चार ओळी, आणि त्यासुद्धा न वाचता? मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आज कुणी ते सदर परत देऊ केलं तर पहिली अट हीच घालीन. एकच लागून राहिलंय. त्या रागात पुढे मी कितीतरी काळ काही लिहिलंच नाही. त्या दिवसांत वाचलेल्या कादंबऱ्यांची नुसती नावं उरली आहेत. आवडल्या होत्या, एवढंच आठवतं. का ते विचारलंस तर मीही तुझ्यासारखीच म्हणेन, छान होत्या.

असो. हे माझं गाऱ्हाणं तुझ्या पत्रात कुठून शिरलं.

घरगुती म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हरिभाऊ आपट्यांची आठवण करून दे. 'पण लक्षात कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. तिची नायिका यमू स्वतःच बोलते, अगदी लहानपणापासूनचं सांगते, आणि सांगते काय, तर घरातलं. कोण कुणाला काय म्हणालं, कोण गप्प बसलं. आज तिला कुणी हलकंफुलकं म्हणायला धजेल का? पण 'आपट्यांनीही लिहिलंय' एवढ्याने तुझ्या हातातली नवी कादंबरी चांगली ठरत नाही हं. मोठ्या नावाच्या आडोशाला जाऊ नकोस. तिचं पान तिचंच असायला हवं.

किशोरवयीनांच्या पुस्तकांबद्दल तू वयाचा मुद्दा काढलास, वीस उलटल्यावर शोभतं का म्हणून. २०१२ साली बाउकर या ग्रंथव्यवसायाची माहिती ठेवणाऱ्या संस्थेने अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा बारा ते सतरा वयासाठी काढलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. झालं समाधान? मला नाही झालं. गर्दी आहे म्हणून रांगेत उभं राहायचं हे काही कारण नव्हे. एस. ई. हिंटनने 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली पंधराव्या वर्षी, १९६७ साली छापून आली तेव्हा ती अठराची होती. तिचा निवेदक चौदा वर्षांचा पोरगा. तो चौदा वर्षांचाच वाटतो का, हे बघायला वीस वर्षांचा वाचकच बरा, कारण ते वय तुझ्या मागे आहे आणि अजून फार लांब गेलेलं नाही.

नव्या पुस्तकांत मला खटकतं ते इथेच. सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणीशी भांडते आणि भांडताना समुपदेशकासारखी बोलते. तिला काय वाटतंय, का वाटतंय, त्याचं मूळ बालपणात कुठे, सगळं नीटनेटकं. अशी सोळा वर्षांची मुलगी मी पाहिलेली नाही. तुला भेटली असेल तर कळव. आणि दुसरं, प्रेमकथांतलं: तो तिचा फोन न विचारता बघतो, ती कुठे आहे यावर नजर ठेवतो, आणि पुस्तक त्याला 'काळजी' म्हणतं. ते पान तू दोनदा वाचलंच पाहिजेस. ज्या प्रकारावर आपलं प्रेम आहे त्यातलं खोटं पान आपल्याला नाही दिसलं तर कुणाला दिसणार? बाहेरचा हसून निघून जाईल, त्याला काय पडलंय?

'स्लो बर्न' म्हणजे हळूहळू पेटणारं प्रेम, 'शत्रू ते प्रेमी', 'खोटं लग्न', असल्या ट्रोपच्या, म्हणजे ठरीव कथासाच्यांच्या, चिठ्ठ्या तू प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर डकवतोस. पुस्तक शोधायला त्या ठीक आहेत, मीही शोधते. पण चिठ्ठी लावली की बघणं संपतं. पाच 'स्लो बर्न' तू वाचल्यास, त्यांत हात पहिल्यांदा हाताला लागला तो क्षण पाची ठिकाणी वेगळा होता ना? मग?

वर्षाला अमुक पुस्तकं वाचीन हा संकल्प तर सोडूनच दे. आकडा गाठायला माणूस पानं उडवतो, आणि मागे फिरून दोन प्रकरणं पुन्हा वाचणं त्या हिशेबात तोट्याचं ठरतं. तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं वाचन त्याच तोट्यात झालंय.

राहिली ती आगाऊ प्रत. प्रकाशकाने पुस्तक बाजारात येण्याआधी तुला फुकट पाठवलं, ते आवडलं नाही, आणि आता काय लिहू म्हणून तुझी झोप उडाली आहे. एवढं काय त्यात? प्रत भेट आली हे वरच सांगून टाक. मग जिथे पुस्तक तुझ्या हातून निसटलं ती जागा सांग, आणि एखादी जागा जमली असेल तर तीही. छापील पुस्तकात मजकूर बदलू शकतो, म्हणून आगाऊ प्रतीतलं वाक्य उद्धृत करण्याआधी अंतिम प्रतीशी ताडून बघ. पुन्हा पाठवणार नाहीत, ही भीती आहे ना? नाही पाठवणार कदाचित. विकत घेऊन किंवा वाचनालयातून वाच, जसं आधी वाचत होतास. पण न आवडलेल्यावर 'हृदयस्पर्शी' लिहिलंस की आवडलेल्यावर लिहायला काय उरतं?

भारदस्त यादी घ्यायची तर घे, माझी ना नाही. तिच्यावरही 'अप्रतिम' लिहून पाठवलंस तर मात्र टिपण तसंच परत येईल.

'टॉम लेक'वरचं टिपण पुन्हा लिहून पाठव. ती दोन प्रकरणं दुसऱ्यांदा वाचताना आधी न दिसलेलं काय दिसलं, तेवढंच लिही. कथानक नको, मी वाचली आहे.

तुझी,
ताई

ता. क. ई-पुस्तकात पानांचे आकडे नसतात ही सबब चालणार नाही. प्रकरण सांग आणि वाक्य उतरवून काढ.