अंध विद्यार्थ्याला पैसे ओळखायला आणि मोजायला शिकवण्यासाठी ‘मनी’ हे ॲप पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, रिझर्व्ह बँकेचे हे मोफत ॲप नोट उत्तम ओळखते, परंतु बेरीज करणे किंवा सुटे पैसे परत घेणे शिकवत नाही. १ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेले हे ॲप एकदा फोनवर घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि कॅमेऱ्यासमोर धरलेल्या, अगदी अर्धी घडी घातलेल्या नोटेचेही मूल्य बोलून सांगते. नाण्यांसाठी ते नाही, आणि नोट खरी की बनावट हे ते ठरवत नाही, असे बँकेनेच स्पष्ट केले आहे. म्हणून माझ्या मते ॲप नोटेचे मूल्य पडताळण्यापुरते ठेवावे व खरी ओळख बोटांना करून द्यावी. नव्या मालिकेत १० रुपयांची नोट १२३ मि.मी. लांब आहे, ५० ची १३५ आणि १०० ची १४२. पुढे मात्र २०० ची १४६ व ५०० ची १५० असल्याने केवळ चार-चार मिलिमीटरचा फरक उरतो. तेथे कडेच्या उठावदार तिरप्या रेषा, म्हणजे शंभरवर चार, दोनशेवर चार रेषा व दोन वर्तुळे आणि पाचशेवर पाच, मदतीला येतात. अर्थात हाताळून मऊ पडलेल्या नोटेवर हा उठाव बोटाला फारसा लागत नाही.